देवीच्या मनगटाचं सूत

थार्गेलिऑन महिना, चंद्राची कोर नुकती दिसू लागलेली

धाकट्या डेक्सिऑनला ताईचा, फिलिन्नाचा आशीर्वाद.

तुझा उजवा गुडघा कसा आहे? तिकडे ओल्बियाला नदीसुद्धा थंडीने गोठून दगड होते म्हणतात, मग तुझ्या गुडघ्याचं काय होत असेल. गरम पाण्याने शेकतोस का, की अजून आळसच? थेआनोचा खोकला गेला का? तिला म्हणावं, मधात रानओवा घालून चाटत जा, बाकी कुणाचं ऐकू नको. तुमची लेक निकेसो इथून गेली तेव्हा मांडीवर होती, आता चुलीशी उभी राहत असेल. तिचे कान दुखायचे ते थांबले का? तुझी सासू, थेआनोची आई, अजून सगळ्यांना शिव्या देते ना? देत असेल तर तिची तब्येत ठीक आहे. आणि तुमचं ते लंगडं कुत्रं, जहाजात चढवताना मला चावलं ते, आहे की गेलं?

मी फार सावकाश खुशाली विचारते आहे हे तुझ्या लक्षात आलं असेल. लहानपणीही आईला काही वाईट सांगायचं असलं की मी आधी कोंबड्यांचं सांगायला लागायची, आणि तू मागून म्हणायचास, ताई, आता खरं सांग.

थ्रासोन गेला, बाळा. तुझा लेक, आपला थ्रासोन, पोसायडनने समुद्रात नेला.

सीमोसच्या होडीतून समुद्रतळाचे स्पंज काढायला गेला होता. तू स्वतः दोरी धरलेली आहेस, तुला सांगायला नको: दगड घेऊन एकजण खाली उतरतो, दुसरा वर बसून दोरी धरतो, खालून हिसका आला की ओढायचं, बाकी कशाकडे बघायचं नाही. वर सीमोस होता. दोरी निसटली. एवढंच मला कळलं आहे आणि एवढंच लिहिते. सीमोसनेच मग उडी मारून त्याला वर आणला, खांद्यावर घालून माझ्या दारात ठेवला, आणि कुणी काही विचारायच्या आत पळाला.

मी त्याला धुतलं. केसांतली वाळू काढली. तुझ्या वतीने म्हणून कपाळाला एकदा जास्त हात लावला. अंत्ययात्रेत गावातल्या सगळ्या बायका रडल्या, त्यात त्याने ज्यांची अंजिरं चोरली त्याही होत्या.

मग धान्यदेवीला, डिमीटरला, सांगायला देवळात गेले. पुजारीण मीच, किल्ली अजून माझ्याकडेच आहे. बघते तर बाहेरच्या वेदीला मिठी मारून सीमोस बसलेला. हातात लोकर गुंडाळलेली ऑलिव्हची फांदी. म्हणजे शरण आलेला. त्याला आता कुणी हात लावायचा नाही. जो लावेल त्याचं झ्यूस बघून घेईल.

खरं सांगू? माझ्या मनात आलं, दगड घ्यावा. वेदीपासून दोन पावलांवर पडला होता, हाताला बसेल असा. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "आत्या, तू सांगितलंस तर मी उठतो." लहानपणापासून माझ्या घरी जेवला आहे, थ्रासोनच्या जोडीने. थ्रासोन आत्या म्हणायचा म्हणून हाही आत्या म्हणतो, आणि याचं ऐकून सगळं गाव. मी त्याला उठ म्हटलं नाही. बसही म्हटलं नाही. आत गेले आणि दिवा लावला.

या वेदीवर तुझा राग आहे, मला ठाऊक आहे. तुम्ही निघालात त्या सकाळी थ्रासोनने हीच वेदी धरली होती. एवढंसं पोर, मला जायचं नाही म्हणून चिकटून बसलं. बाप असूनही तुला ओढता येईना, कारण शरण आलेल्याला बापही ओढू शकत नाही. तू मला म्हणालास, हे तू शिकवलंस. मी शिकवलं नव्हतं. पण ते आज नको.

उत्तरेला जाणारं जहाज अजून बंदराला लागलेलं नाही. लागलं की हे देईन. तोवर याच कागदावर पुढे लिहीत जाईन.

थार्गेलिऑन, चंद्र अर्धा

जहाज नाही. वारा उलटा आहे.

बातोन रोज येतो. तुझा मेहुणा आधीच मोठ्या आवाजाचा, आता तर भाच्याचं दुःख झालंय. पायऱ्यांखाली उभा राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलतो. म्हणतो, मारेकरी देवीच्या अंगणात बसलाय आणि सुतक सगळ्या गावाला लागलंय. त्याच्या बरोबर आता बरीच माणसं असतात. त्यांचंही चूक म्हणवत नाही. जवाचं पीक पिवळं झालं आहे. पहिली पेंढी डिमीटरच्या वेदीवर ठेवल्याशिवाय नवा दाणा कुणी तोंडात घालायचा नाही, आणि वेदीवर तर हा बसलेला. रक्ताचा डाग असलेल्या माणसाशेजारी पेंढी कशी ठेवायची? घरोघरी कणग्यांचे तळ दिसायला लागलेत. पोरांना जुने वाटाणे शिजवून घालतात.

पंचांनी मधला मार्ग काढला आहे. सीमोसला कुणी हात लावायचा नाही. पण कुणी खायला-प्यायलाही द्यायचं नाही. भुकेने आपणच उठून गेला, तर देवीचा अपमान झाला नाही आणि गावही सुटलं. कायदा म्हणून बरोबर आहे. मला मात्र हे ऐकून मांजराला पोत्यात घालून पोतं कुणी बांधलं ते आपल्याला ठाऊक नाही म्हणणाऱ्यांची आठवण झाली.

देवीपुढे येणाऱ्या ताटातला पुजारणीचा वाटा माझा असतो. त्याचं मी काय करते ते कुणी विचारायचं नाही. मी तो वाटा वेदीच्या कडेवर ठेवायची आणि वळून झाडायला लागायची. बातोनच्या लक्षात आलं. आता देवीला कुणी काही आणत नाही. पहिल्यांदाच डिमीटर उपाशी आहे, मी उपाशी आहे, आणि तो उपाशी आहे.

झऱ्यावर कुंभाराची बायको लिसिस्त्राते मला म्हणाली, "आत्याबाई, भाच्याच्या मारेकऱ्याला जेवू घालता, मीठ बरोबर पडलं ना?" मी म्हटलं, "तुझ्या मडक्यात शिजवलं असतं तर गळून गेलं असतं, म्हणून देवीच्या ताटातलं दिलं." बायका हसल्या, पण माझा हंडा भरू द्यायला कुणी सरकलं नाही.

पाण्याची तर मोठीच अडचण. झरा देवळाच्या पायऱ्यांखाली, वेदीपासून दूर. मी पाणी नेऊन दिलं तर ते देणं झालं. तो स्वतः उतरला तर वेदी सुटली. मग मला आजीने सांगितलेलं आठवलं. मी लोकरीचं सूत कातलं, जमलं तेवढं लांब. एक टोक गाभाऱ्यात डिमीटरच्या मूर्तीच्या मनगटाला बांधलं, दुसरं सीमोसच्या मनगटाला. सूत हातात आहे तोवर देवीचा हात हातात आहे. तो त्या सुताच्या आधाराने उतरतो, ओंजळीने पाणी पितो, परत चढतो. खाली माणसं दगड पायाशी ठेवून बघत असतात. मी दारात बसून सूत सोडते आणि गुंडाळते. माझ्या बोटांना आता झोपेतही त्याचा ताण लागतो.

काल पाणी पिऊन आल्यावर त्याने मला काहीतरी सांगितलं. ते मी आज लिहिणार नाही. माझंच अजून गिळून झालेलं नाही.

थार्गेलिऑन, चंद्र पूर्ण व्हायला आलेला

आज जे झालं ते लगेच लिहून टाकते, अक्षर लागलं नाही तर थेआनोला विचार. मी अक्षरं नवसाच्या दगडांवरून शिकले, त्यामुळे मला मोठी अक्षरंच बरी येतात.

सकाळी बातोन डुकराचं पिल्लू घेऊन आला. रक्ताचं सुतक धुवायला पिल्लाचंच रक्त लागतं, हे तुला ठाऊक आहे. म्हणाला, पोरगा आज ना उद्या उठेल, तेव्हा जागा धुवायला आम्ही तयार आहोत. बरोबर अर्धं गाव. सगळ्यांची तोंडं उतरलेली, कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. मला त्याचीच भीती वाटली. माणसं ओरडत असली की समजावं, अजून वेळ आहे.

ऊन चढलं तसा सीमोसला पाण्याशिवाय राहवेना. मी सूत सोडत गेले, तो एकेक पायरी उतरत गेला. झऱ्याशी वाकला, तोच पिल्लू सुटलं. बातोनने मुद्दाम सोडलं असं मी म्हणणार नाही. त्याचे हात घामाने ओले होते आणि पिल्लू जीव घेऊन ओरडत होतं. ते माणसांच्या पायांतून निघालं, पायऱ्यांवर चढलं आणि सरळ सुतात घुसलं. सूत त्याच्या मानेला ताणलं गेलं, आणि तुटलं.

मला हातात कळलं. एकदम हलकं झालं.

सीमोस झऱ्याशी, मनगटाला लोंबणारा सुताचा तुकडा. मग कुणीतरी म्हणालं, "तिनेच तोडलं. तिचंच जनावर, तिनेच पाठवलं." आणि सगळ्यांना ते एकदम पटलं, कारण पटायलाच आले होते. डुक्कर डिमीटरला वाहतात, म्हणून पिल्लू डिमीटरचं, सूतही डिमीटरचं. देवीने हात सोडला. माणसं वाकली आणि दगड उचलू लागली. शांतपणे, शेतात वेचायला वाकतात तशी.

मी देवीकडचं टोक धरलं आणि उतरले. धावले म्हणत नाही, माझ्याने धाववत नाही. सूत मागे सुटत गेलं. शेवटच्या पायरीवर पुरेना, तेव्हा ते डाव्या हाताला गुंडाळून मी जेवढी वाकता येईल तेवढी वाकले आणि उजव्या हाताने सीमोसचं मनगट धरलं.

बातोन म्हणाला, "सोड त्याला. देवीने सोडलं, तू कोण धरणारी?"

मी म्हटलं, "हे सूत माझ्या चातीवरचं आहे, बातोन. तुटलं तर माझं कातणं कच्चं होतं. देवीचा हात मी कातलेला नाही."

"बाजूला हो, आत्या."

"पहिला दगड मयताच्या घरच्यांनी मारायचा असतो. इथे त्याच्या घरची मी आहे. मी मारत नाही. ज्याला माझ्या आधी मारायचा असेल त्याने मारावा, पण धागा आता मी आहे. माझ्यातून जावं लागेल."

बाळा, मी हे धीराने म्हटलं असं समजू नको. माझा आवाज कोंबडीसारखा निघत होता. लिसिस्त्राते समोरच होती, तिच्या हातात दगड होता. तिने आधी खाली ठेवला. "मडकं गळतं म्हणालात, ते मी विसरले नाही," असं पुटपुटली आणि मागे सरली. मग इतरही. बातोनचा दगड हातातच राहिला. आम्ही तिघं, म्हणजे देवी, मी आणि तो, एकेक पायरी वर चढलो. वेदीला त्याचा हात लागला तेव्हाच मी सोडलं. माझी बोटं उघडेनात, त्यानेच उघडली.

बातोन पायरीपर्यंत आला आणि हळू आवाजात बोलला. तो हळू बोलतो हे मी पहिल्यांदा ऐकलं. "तू त्याला वाढवलंस, मान्य. पण तो तुझा नव्हता. माफ करायचा हक्क बापाचा. तुझा नाही, माझाही नाही."

यात काही चूक नव्हतं. मी म्हटलं, मग बापालाच विचारू.

थार्गेलिऑन, पौर्णिमेनंतर

जहाज लागलं आहे. कप्तान फानेस उद्या वारा बघून ओल्बियाला निघतो. परतीच्या फेरीत तुझं उत्तर घेऊन येईल. पंचांनी सगळ्यांसमोर ठरवलं: बापाचा शब्द येईपर्यंत सीमोसला कुणी हात लावायचा नाही, देवीच्या ताटातला घास त्याला चालेल, आणि नवा दाणा कुणी खायचा नाही. तू माफ केलंस तर तो झऱ्यावर पिल्लाच्या रक्ताने शुद्ध होईल, बेट सोडून जाईल आणि पहिली पेंढी वेदीवर चढेल. नाही म्हणालास तर मी स्वतः त्याचा हात वेदीवरून काढायचा. हे मी कबूल केलं आहे. दुसऱ्या कुणी काढला तर पाप, मी काढला तर कायदा. बातोनचंही पत्र याच जहाजाने येतंय. त्याचं आधी वाच, हरकत नाही. तो खोटं लिहिणार नाही.

पण बातोनला जे ठाऊक नाही ते मला ठाऊक आहे. ते लपवून तुझ्याकडून माफी घेतली तर ती चोरीची होईल. म्हणून लिहिते.

दोरी निसटली नव्हती.

त्या सकाळी होडीत दोघांचं भांडण झालं होतं. सीमोस रुसून पाठ फिरवून बसला होता. खालून हिसका आला, तो त्याच्या हाताला लागला. त्याच्याच शब्दांत सांगते: "लागला, आत्या. मी म्हटलं, थांबू दे थोडं. एका श्वासापुरतं म्हटलं. मग ओढायला लागलो तर दोरी खडकात अडकली होती." तोच एक श्वास थ्रासोनकडे नव्हता.

हे त्याने मला सांगितलं ते चंद्र अर्धा होता तेव्हा, पिल्लू सुटण्याच्या आधी. म्हणजे त्याचं मनगट धरलं तेव्हा मला हे ठाऊक होतं. मी का धरलं, मला नीट सांगता येत नाही. त्याने हे कुणालाही सांगितलं नसतं तरी चाललं असतं. साक्षीला फक्त समुद्र होता. सांगून तो माझ्याकडे बघत बसला, थ्रासोन मडकं फोडून बघायचा तसा. नंतर मी आत जाऊन डिमीटरपुढे बसले. तिचीही मुलगी जमिनीखाली नेली होती, आणि तिने रागाने सगळ्या जगातला दाणा बंद केला. माणसं मेली, तिला काही वाटलं नाही. मी म्हटलं, बाई, तुला तरी पर्सेफनी अर्धं वर्ष परत मिळते. आम्हाला तेवढंही नाही. मग तुझ्याच पोरांना मी आणखी किती दिवस वाटाणे खायला लावू, आणि कुणासाठी? 

आता भांडण कशावरून झालं, तेही. हे मी सगळ्यात शेवटी ठेवलं, कोंबड्यांपासून सुरुवात करणारी मी.

थ्रासोन तुझ्याकडे निघाला होता. फानेसच्या याच जहाजात मागच्या फेरीलाच जागा मागून ठेवली होती. मला अजून सांगितलं नव्हतं. मी रडेन म्हणून निघायच्या आदल्या दिवशी सांगणार होता. सीमोसला त्या सकाळी सांगितलं. सीमोस म्हणाला, इतकी वर्षं तुला बाप आठवला नाही, तसा तिकडे गेल्यावर मीही आठवणार नाही. त्यावर थ्रासोन हसला आणि म्हणाला, एकदा जाऊन बघून येतो, म्हातारा अजून रागावलाय का. मग खालच्या खडकाला लागलेला मोठा स्पंज काढायला उतरला. तो विकायचा नव्हता. "बाबांच्या गुडघ्याला शेकायला," असं म्हणून उतरला.

सीमोसने त्याला वर आणला तेव्हा तो स्पंज थ्रासोनच्या मुठीत होता. मी बोटं उघडून काढला, गोड्या पाण्यात धुतला, उन्हात वाळवला. फानेसच्या हाती पाठवते आहे. असा मोठा आणि मऊ आपल्या बेटावर मी पाहिलेला नाही. गरम पाण्यात बुडवून, पिळून, गुडघ्यावर ठेवायचा. थेआनोला ठेवू दे, तू घाई करतोस.

सीमोसने माफी मागितलेली नाही. मागावी का, असं मला विचारत होता. मी म्हटलं, तुझी माफी तू माग, मी माझं पत्र लिहिते. त्याला लिहिता येत नाही. त्याने एवढंच सांगायला सांगितलं आहे, की तू नाही म्हणालास तर तो आपणच उठेल, माझ्यावर वेळ येऊ देणार नाही.

मी हो म्हण असं लिहिणार नाही. तुझा मुलगा होता. मी त्याला वाढवलं, जेवू घातलं, पुरलं. पण तुझ्याकडे निघाला होता. त्याचं तू ठरव.

नवं सूत कातलं आहे, तीन पदरी. रोज सकाळी मी दारात बसते, तो झऱ्याला उतरतो, खाली माणसं उभी असतात आणि आमच्यापेक्षा जास्त समुद्राकडे बघतात. गावाच्या कणग्या आता खरडून झाल्या आहेत. म्हणून स्पंज वापरून बघ, गुडघा हलका झाला की नाही ते लिही, आणि त्याच कागदावर हो किंवा नाही लिही. लवकर लिही, बाळा. माझ्या हातात दोन्हीकडून ताण आहे.

तुझी ताई,
फिलिन्ना